क्षमा केली, तरी रडू येतं

आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये दुःखाला फार लवकर साक्ष द्यायला उभं करतात. माणूस अजून धड सावरलेला नसतो आणि रविवारी त्याच्या हातात माइक येतो. "प्रभूने तुमच्यासाठी काय केलं ते मंडळीला सांगा." तो सांगतो, सगळे हालेलुया म्हणतात. सोमवारी सकाळी तो त्याच ओझ्यासकट उठतो, आणि आता मनात एक नवी भीती असते : काल सगळ्यांसमोर बरा झालो म्हणालो, आज कोणाकडे जाऊ?

हे मी पुष्कळ वर्षं बघतेय. स्वतः त्यातून जातेय, म्हणून जरा मोठं लिहितेय. वेळ असेल तरच वाचा.

माझे वडील प्यायचे. रात्री त्यांची लूना गल्लीत शिरली की आम्ही भावंडं कान देऊन ऐकायचो. चालवत आले तर एक, ढकलत आले तर दुसरंच. ढकलत येतायत असं कळलं की आई पोळ्यांचा डबा फडताळात वर सरकवायची आणि भाऊ धाकटीला घेऊन मागच्या खोलीत जायचा. हेच वडील रविवारी पहिल्या बाकावर बसून उपासनासंगीत या आमच्या गीतांच्या पुस्तकातली पदं अशी गायचे, की पाहुणे पाळक (पाद्री) मुद्दाम येऊन त्यांचा हात हातात घ्यायचे. त्यांचं ते गाणंही खरं होतं, असं मला आजही वाटतं.

शेवटच्या आजारात मी त्यांच्या उशाशी बसून त्यांना क्षमा केली. कोणी सांगितलं म्हणून नाही, मनापासून. ख्रिस्ताने मला क्षमा केली आहे आणि त्याच्यापुढे उभं राहून मी दुसऱ्याचा हिशेब मांडू शकत नाही, हा माझा विश्वास आहे. तरी अजूनही रात्री दाराची कडी जोरात वाजली की हातातलं काम थांबतं, छातीत धडधडतं. कधी कधी नुसतंच रडू येतं.

एका महिला सभेत मी हे बोलले. उत्तर आलं, "ताई, खरी क्षमा केली असती तर हे राहिलंच नसतं. कडूपणाचं मूळ आहे तुमच्यात. तीन दिवस उपास धरा." बोलणारीचा हेतू वाईट नव्हता. पण त्या दिवशी मी घरी गेले ती दोन ओझी घेऊन. एक जुनं, आणि वर आपला विश्वासच खोटा असल्याचं दुसरं.

पुढे बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातला योसेफ मी पुन्हा सावकाश वाचला. भावांनी खड्ड्यात टाकून विकलेला आणि मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, मोठा अधिकारी झालेला हा माणूस. लहानपणी संडे स्कूलमध्ये आपल्याला रंगीत झगा, खड्डा आणि फारो राजाची स्वप्नं शिकवतात. योसेफ किती रडला, हे कोणी शिकवत नाही. मुलाचं नाव मनश्शे ठेवताना तो म्हणतो, देवाने मला माझे कष्ट आणि बापाचं घर विसरायला लावलं. त्याला खरंच तसं वाटलं असणार. मोठा हुद्दा, बायको, मांडीवर मूल. मग दुष्काळात भाऊ धान्य घ्यायला येतात आणि हा माणूस बाजूला जाऊन रडतो. धाकट्या भावाला, बन्यामिनाला, पाहिल्यावर आतल्या खोलीत जाऊन रडतो, तोंड धुतो, बाहेर येऊन म्हणतो, "जेवण वाढा." तोंड धुऊन बाहेर येणं! आपल्यापैकी किती बायकांनी, किती पुरुषांनी हे केलं आहे. शेवटी ओळख देताना तो इतक्या मोठ्याने रडतो की मिसरी लोकांना ऐकू जातं. क्षमा झाली, घर एक झालं, बाप याकोब मिसरात १७ वर्षं जगला. तो गेल्यावर भावांचा भीतभीत निरोप येतो आणि योसेफ पुन्हा रडतो. याला पवित्र शास्त्र कुठेही कडूपणाचं मूळ म्हणत नाही.

आणखी एक. ओळख देण्याआधी त्याने भावांना चांगलं पारखून घेतलं. त्यांच्यातल्या शिमोनाला ठेवून घेतलं, बन्यामिनाच्या गोणीत प्याला लपवला. भाऊ यहूदा धाकट्याच्या जागी स्वतः गुलाम व्हायला तयार झाला, तेव्हा कुठे तो मोकळा झाला. क्षमा केली म्हणजे दुसऱ्या दिवशी डोळे मिटून विश्वास टाकायचा, असं नसतं. हे मारहाण होत असलेल्या बहिणींना सांगा हो कोणीतरी. "क्षमा कर आणि नांदायला जा" एवढंच सांगून त्यांना त्याच घरात परत पाठवू नका.

आईबापाचा मान राख, ही आज्ञा आम्हाला तोंडपाठ आहे. पण "बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका" हेही बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्रात आहे, आणि तेही त्या आज्ञेला अगदी लागून. त्यावरचा उपदेश तुम्ही शेवटचा कधी ऐकलात? जे घडलं ते घडलं असं म्हटल्याने वडिलांचा अपमान होत नाही. मी आता त्यांच्यासाठी रडू शकते, ते मी खरं बोलायला लागल्यावरच. आधी फक्त घाबरत होते.

वेळ लागतो, हे आपल्याच माणसांनी लिहून ठेवलं आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले, १८८०मध्ये भाऊ, १८८२मध्ये नवरा. पदरात तान्ही मनोरमा. १८८३मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढे आपल्या साक्षीत त्या सरळ सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे कळायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं लागली. आठ वर्षं, तीही रमाबाईंसारख्या बाईला! केडगावला निराधार बायकांसाठी त्यांचं मुक्ती मिशन उभं राहिलं ते त्यानंतर. आपण मात्र तीन दिवसांच्या शिबिरातून माणूस नवा होऊन यावा असं धरून चालतो.

आणि औषधांबद्दल. मनाच्या डॉक्टरकडे जाणाऱ्याला "विश्वास कमी पडला" म्हणणारे लोक मला खरंच कळत नाहीत. मिरजेला १८९४मध्ये डॉ. वॉनलेस यांनी दवाखाना उभा केला तो मिशनचाच ना? साखरेच्या आजाराची गोळी घेऊन प्रार्थनेला बसलेलं चालतं, मग झोपेची का नाही? बायबलमधला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला बोधवचन दिलं नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं. मग पुन्हा उठवून खायला दिलं. मीही समुपदेशकाकडे जाते, आणि त्या खोलीत प्रभू माझ्यासोबत नसतो असं मला एकदाही वाटलेलं नाही.

बरं होताना सगळ्यात जड काय जातं, सांगू? घरचे. "हल्ली तू फार बदललीस." नेहमी सगळ्यांचं ऐकणारी मुलगी एखाद्या गोष्टीला नाही म्हणायला लागली की आईला वाटतं मी तिच्यावर रागावलेय, भावाला वाटतं मी जुनं उकरतेय. प्रत्येकाची त्या घरातून तगून राहण्याची आपापली तऱ्हा होती. माझी मी सोडली म्हणून त्यांनी त्यांची लगेच सोडावी, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? यावर माझ्याकडे उत्तर नाही. प्रार्थना करते आणि दर रविवारी आईला फोन करते.

मला ज्यांनी आधार दिला त्या आमच्या पाळकांच्या पत्नी. माझ्यासोबत बसून त्यांनी बायबलमधलं ८८वं स्तोत्र वाचलं. ते अंधारावरच संपतं, शेवटी स्तुतीची एकही ओळ नाही. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं आणि "आता बरं वाटतंय ना?" असं विचारलं नाही. बराच वेळ नुसत्या बसल्या.

दर उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) आपण येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार आणि त्यांवरचे उपदेश ऐकतो. चौथ्यावर बोलणं ज्याच्या वाट्याला येतं तो बहुतेकदा घाईघाईने पुनरुत्थानाकडे वळतो. यंदा ज्यांना तो मिळेल त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, तिथेच थांबा. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे आपला प्रभू मोठ्याने ओरडून म्हणाला. त्या दिवशी बाकावर असं कोणीतरी बसलेलं असेल, ज्याला हा प्रश्न विचारायला परवानगी हवी आहे.

कोणाला फारच जड जात असेल तर १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारचा टेलिमानस फोन क्रमांक आहे, रात्रीही चालू असतो, पैसे पडत नाहीत. मला इनबॉक्समध्ये लिहिलंत तरी चालेल. उत्तराला उशीर होईल, पण मी वाचेन आणि लिहीनही.