रॉक मेलेलं नाही, त्याची मधली पायरी मोडली आहे

"रॉक संपलं" हे वाक्य हल्ली कोणीही सहज बोलून जातं आणि मला दर वेळी तितकाच राग येतो. पुरावेही ठरलेले असतात. २०१७ मध्ये अमेरिकेत हिप-हॉप आणि आर अँड बी या संगीतप्रकारांनी ऐकण्याच्या प्रमाणात रॉकला मागे टाकलं. २०१८ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी एनएमई या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाची छापील आवृत्ती थांबली. सगळं खरं आहे. पण गिब्सन अडचणीत आली ती मुख्यतः इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात ओतलेल्या पैशामुळे, गिटारचा धंदा तर चालूच होता. आणि हिप-हॉप मोठं झालं याचं मला काडीचंही दुःख नाही. आवडीनिवडी बदलतातच.

मला छळतं ते वेगळंच. बँड घडायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं आज कोणी द्यायला तयार नाही.

अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचे १९७३ मधले पहिले दोन अल्बम फारसे खपले नव्हते. तरी रेकॉर्ड कंपनीने तिसरा काढू दिला आणि १९७५ मध्ये त्याचं नाव झालं. आर.ई.एम. या अमेरिकी बँडने तर छोट्या लेबलवर (रेकॉर्ड कंपनीकडून) १९८३ ते १९८७ या काळात पाच अल्बम केले, कॉलेज रेडिओवर वाजत राहिले, गावोगाव फिरले, आणि जगभर पोचले ते १९९१ मध्ये. दरम्यान ते ना स्टार होते, ना हौशी. पोट भरत होतं, वाजवणं सुधारत होतं. मी या मधल्या पायरीबद्दल बोलतोय.

जुनी व्यवस्था सोन्याची होती असं मी मुळीच म्हणणार नाही. रॉक वादक आणि रेकॉर्डिंग इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनीने १९९३ मध्येच एका लेखात रेकॉर्ड कंपनीकडून अडीच लाख डॉलरचा अॅडव्हान्स मिळालेल्या काल्पनिक बँडचा हिशेब मांडला होता. मॅनेजर, वकील, स्टुडिओ, टूर सगळ्यांचं देऊन झाल्यावर प्रत्येक वादकाच्या हातात उरत होते चार हजार डॉलरच्या आसपास. अल्बिनी नुसता बोलणारा नव्हता. निर्वाणा या गाजलेल्या बँडचा अल्बम रेकॉर्ड करताना त्याने ठरावीक मोबदला घेतला आणि रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला वाटा, नाकारली. असा माणूस २०२४ मध्ये गेला, याची हळहळ अजून जात नाही.

मग १९९९ मध्ये इंटरनेटवरून फुकट गाणी वाटून घेण्याची नॅपस्टर ही सेवा आली, सीडीचा बाजार कोसळला, आणि अनेक वर्षांनी सावरला तो स्ट्रीमिंगवर. इथे बँडची खरी कोंडी झाली. तुमची वर्गणी तुम्ही ऐकलेल्या बँडकडे थेट जात नाही. बहुतेक पैसे एकाच गल्ल्यात पडतात आणि एकूण ऐकण्यातल्या हिश्श्यानुसार वाटले जातात. महिनाभर तुम्ही एकच छोटा बँड ऐकलात, तरी तुमच्या पैशातला मोठा वाटा तुम्ही कधी न ऐकलेल्या स्टारकडे जाणार. स्पॉटिफायवर ३० सेकंद झाले की एक स्ट्रीम मोजला जातो. नऊ मिनिटं चढत जाणारं गाणं आणि दोन मिनिटांत संपणारं गाणं, दोघांची मोजणी सारखीच. शिवाय २०२४ पासून वर्षभरात १००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच नाही. जे काही मिळतं त्याचे बँडमध्ये पुन्हा चार-पाच वाटे. लॅपटॉपवर एकट्याने गाणं करणाऱ्याला ना ड्रम्ससाठी खोली लागते, ना व्हॅन.

"मग लाइव्ह करा" असं सांगतात. लाइव्हचं काय झालंय? पर्ल जॅम या बँडने १९९४ मध्ये तिकीटमास्टर या तिकिटं विकणाऱ्या कंपनीविरुद्ध अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष दिली. पुढे २०१० मध्ये तीच कंपनी कार्यक्रम भरवणाऱ्या लाइव्ह नेशनमध्ये विलीन झाली, आणि मे २०२४ मध्ये अमेरिकी सरकारला मक्तेदारीविरोधी खटला भरावा लागला. काही ठिकाणी तर बँडच्या टी-शर्टच्या विक्रीतूनही हॉलवाले टक्केवारी घेतात. ब्रिटनमध्ये २०२३ या एका वर्षात १२५ छोटी ठिकाणं बंद झाली किंवा तिथलं लाइव्ह संगीत थांबलं.

पैसा आटलेला नाही, तो जुन्याकडे वळलाय. स्प्रिंगस्टीनने २०२१ मध्ये आपल्या संगीताचे हक्क सोनीला विकले, किंमत सुमारे ५० कोटी डॉलर असल्याच्या बातम्या आल्या. पुढे पिंक फ्लॉइड या जुन्या बँडचे रेकॉर्डिंग हक्कही सोनीकडेच गेले. त्या कलाकारांना मिळो, त्यांनी ते कमावलंय. पण त्यातला थोडा पैसा नव्या बँडच्या तिसऱ्या अल्बमवर लावायची हिंमत कोणाकडे आहे? २०२५ मध्ये स्पॉटिफायवर दहा लाखांवर मासिक श्रोते जमवणारा 'द व्हेल्व्हेट सनडाउन' नावाचा रॉक बँड एआयने बनवलेला निघाला. त्याला ना भाडं, ना भूक. अशांच्या शेजारी त्याच गल्ल्यातला वाटा मागायला खऱ्या पोरांनी उभं राहायचं.

उपाय नाही असंही नाही. फ्रान्समध्ये कॉन्सर्टच्या तिकिटांवर ३.५ टक्के कर आहे आणि तो पैसा संगीताच्या राष्ट्रीय संस्थेमार्फत पुन्हा याच क्षेत्रात येतो. ब्रिटनमध्ये मोठ्या कार्यक्रमांच्या तिकिटामागे एक पाउंड छोट्या जागांसाठी काढायची योजना आहे, पण ती ऐच्छिक. कोल्डप्ले या बँडने २०२५ च्या ब्रिटनमधल्या कार्यक्रमांच्या आपल्या कमाईतले दहा टक्के अशा जागांसाठी दिले. एखाद्या बँडच्या चांगुलपणावर हे सोडून चालणार नाही. स्टेडियमच्या प्रत्येक तिकिटावर अशी कपात कायद्याने व्हायला हवी, आणि तो पैसा दोनशे माणसांच्या हॉलपर्यंत आणि तिथे वाजवणाऱ्यांच्या हातापर्यंत पोचतो का, याचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हायला हवा.