‘एक वाचक’ यांना उत्तर

संत कान्होपात्रेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘ती शेवटी मेलीच ना? मग विठोबाने ऐकलं काय? तरटीच्या झाडाची गोष्ट आख्यायिका आहे. सुखवस्तू लोकांना असला विश्वास परवडतो. जरा मानसशास्त्र वाचा.’

विठोबाच्या पायी तिने प्राण सोडला आणि तिला पुरलं तिथे तरटीचं झाड उगवलं, ही गोष्ट आख्यायिका आहे, मान्य. मी तरी कुठे तिला इतिहास म्हटलं? मानसशास्त्राचं राहू द्या, सल्ला मागितला नव्हता.

पण ‘सुखवस्तू’? स्वतः नाव लावायचं नाही आणि दुसऱ्याची ऐपत मात्र ठरवायची, ही कुठली रीत? वडील इस्पितळात होते तेव्हा वॉर्डाबाहेरच्या वऱ्हांड्यात सतरंजी टाकून मी झोपायचो. आईच्या पाटल्या औषधांत गेल्या. कान्होपात्रेचा ‘नको देवराया अंत आता पाहू’ हा अभंग तेव्हा मी दातओठ खात म्हटलाय, साहेब. वडील गेलेच. पुढे कित्येक महिने देवघराकडे फिरकलो नाही, आणि पुन्हा बसलो ते भांडायला. हे लेखात नव्हतं, कारण सगळंच चव्हाट्यावर मांडायचं नसतं. आज तुम्ही मांडायला लावलंत.

आणि विश्वास सुखवस्तूंचा म्हणे! 1630 च्या दुष्काळात तुकोबांचं दिवाळं निघालं. ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ हे त्यांचेच शब्द. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा तर विठोबाला तोंडावर सुनावतो: ‘जन्म गेला उष्टें खातां, लाज न ये तुमचे चित्ता’. यांतलं सुखवस्तू कोण, सांगा. कर्ममेळ्याला उत्तर मिळाल्याचं त्या अभंगात कुठेही नाही. तरी गाऱ्हाणं तो विठोबाकडेच नेतो, आणि तेही इतक्या हक्काने! ऐकणारा समोर आहे याची खात्री असल्याशिवाय कोणी असं लाजबीज काढत नाही. मला धीर आला तो या शिव्यांतून. गोड आरत्यांनी तेव्हा उलट चीड यायची.

राहिली कान्होपात्रा. बीदरच्या बादशहाचं जनान्यात येण्याचं बोलावणं आलेलं, ती पंढरपूरला विठोबापाशी. त्याच ‘नको देवराया’ अभंगाची शेवटची ओळ तुम्ही वाचलेली दिसत नाही: ‘घेई कान्होपात्रेस हृदयांत’. जगव, असं तिने म्हटलेलंच नाही. मग ती मेली, हा तुमचा पुरावा कशाचा?

प्रतिक्रिया जरूर लिहा. नावानिशी लिहिलीत तर बरं.