तांबड्यात बसवा की!

कालपासून जीव जळतोय. पंधरा टक्के गेले ते गेलेच, पण ते घालवणारा माणूस त्या सौद्यातलं गिऱ्हाईकसुद्धा नव्हता.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं पंपांचं दुकान. पुण्याच्या पुतण्यानं कोटेशनचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. "काका, तुम्ही भिडस्त. मशीनला भीड नसते." आता सूट किती द्यायची ते पडद्यावरची रंगीत पट्टी सांगते. 8 टक्क्यांपर्यंत हिरवी, 12 पर्यंत पिवळी, 15 पर्यंत तांबडी, आणि तांबड्यात शिरलं की मालकाची मंजुरी. हे आकडे आले माझ्याच जुन्या कोटेशनांतून. म्हणजे दोन वर्षांत मी जिथं जिथं पघळलो, त्याची रीतसर सरासरी.

गडहिंग्लजचे पाव्हणे दहा मोनोब्लॉक पंप घ्यायला आले होते. मी हिरव्यात घुटमळत होतो. माझ्या पाठीमागं ग्लँड पॅकिंगच्या, म्हणजे पंपाची गळती थोपवणाऱ्या दोरीसाठी एक टोपीवाले थांबलेले.

"मालक, ही रंगपंचमी कसली?"

"काही नाही, हिशेब."

"न्हवं, तांबड्यात पंधरा लिवलंय की!" मग पाव्हण्यांकडं वळून, "कोल्हापुरात येऊन तांबडा न वरपताच जाणार व्हय?"

रेललेले पाव्हणे ताठ झाले. तांबडं कसं अडतं ते दाखवावं म्हणून मी 15 टाकले. "बघा, मालकाची मंजुरी लागते." तोच माझ्या खिशातला मोबाईल टुंग करून वाजला.

"घ्या! परवानगी बी खिशातच हाय. दाबा की बटण."

दाबलं. काय करणार?

वडगावच्या जनावरांच्या बाजारात टॉवेलाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. शेजारच्या बैलालाही पत्ता लागायचा नाही. आणि आम्ही शहाणे, शेवटचा भाव रंगवून पडद्यावर लावतो! शंभराच्या मालात माझे सुटतात वीस. त्यातले पंधरा गेले की उरले पाच. बरं, या सॉफ्टवेअरच्या वर्गणीत सूट मागितली, तर पलीकडचा पोरगा म्हणाला, "सर, सिस्टीम घेत नाही." त्यांची घेत नाही. माझी घेते!

पाव्हण्यांनी जाता जाता रोखीचे आणखी दोन टक्के काढले. "म्हंजे सतरा." मी म्हटलं, सतरा नाही, पंधरा वजा करून उरलेल्यावर दोन, म्हणजे 16.7. त्या 0.3 टक्क्यासाठी मी दहा मिनिटं भांडलो. हातात तेवढंच राहिलं होतं.

पाव्हणे गेले. टोपीवाले पुढं सरकले.

"आता माझी दोरी."

"साठ रुपये."

त्यांनी पडद्याकडं हनुवटी केली. "तांबड्यात बसवा की."

51 घेतले. एवढं करून ते म्हणाले, "पाव्हण्यांचं काम झालं, चहा तरी सांगा."

संध्याकाळी सॉफ्टवेअर उघडलं. दोरीसमोर सकाळपर्यंत कोरी जागा होती. आता तिथं आलंय: 'नेहमीची सूट, 15 टक्के.'