भुताशी बोलणी

शनिवारी रात्री जेवणं उरकली की आमची लेक लॅपटॉप टीव्हीला जोडते आणि जपानी, कोरियन नाहीतर थाई भुताचा सिनेमा लावते. वर म्हणते, "बाबा, भीती वाटली तर सांगा हं, बंद करते." एवढं ऐकल्यावर कुठला बाप उठून आत जाईल?

तसा भुतांशी माझा परिचय जुना, आजोळ कोकणातलं. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, चकवा रानात, अशी प्रत्येकाला हद्द नेमून दिलेली होती. तिन्हीसांजेला पिंपळाखालून गेला नाहीत, तर मुंजाही तुमच्या वाटेला जात नसे. गेलातच, तर नारळ, कोंबडं, एखादं खणखणीत गाऱ्हाणं असा काहीतरी तोडगा निघायचा. थोडक्यात, बोलणी व्हायची.

जपानी भुताशी बोलणीच होत नाहीत. अंगात पांढरं, काळेभोर केस तोंडावर मोकळे. हा वेश काही सिनेमावाल्यांनी शोधलेला नाही. तिकडे जुन्या रीतीप्रमाणे प्रेताला पांढरा किमोनो घालत आणि एदो काळातल्या, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या, चित्रकारांनी भुताचं हेच ध्यान पक्कं करून टाकलं. पाय तर पुष्कळदा काढलेच नाहीत; उलटे आहेत का ते बघायचीही सोय नाही! 1998 च्या 'रिंगू'मधली सदाको विहिरीतून निघते ती थेट टीव्हीच्या काचेतून दिवाणखान्यात उतरते. तिची ती अडखळती चाल नटीला मागे मागे चालवून आणि चित्रण उलटं फिरवून मिळवली होती. आमच्या हडळीचे पायच तेवढे उलटे, हिची सगळी चालच उलटी. आणि शापाची टेप पाहिल्यावर सात दिवसांत मरायचं नसेल तर उपाय काय? नक्कल करून ती दुसऱ्याला दाखवायची. 'हे पत्र मिळताच अकरा जणांना लिहा' म्हणणारी पोस्टकार्डं लहानपणी यायची, त्यातलाच हा प्रकार. आमची आजी तसली कार्डं बंबात घालायची आणि नव्वदी गाठून गेली.

पण सदाको परवडली. 'ज्यु-ऑन'मधल्या कायाकोला मी माफ करणार नाही. डोक्यावरून पांघरूण घेतलं की भूत काही करत नाही, हा करार साऱ्या मनुष्यजातीचा भुतांशी झालेला आहे. कोणी सही केली विचारू नका; पाळला जातो, एवढं खरं. या बाईनं काय करावं? ती पांघरुणाच्या आतच निघते! तेव्हापासून मी ऐन मे महिन्यात पाय आत घेऊन, चादर चारी बाजूंनी खोचून झोपतो आणि त्याआधी आत बॅटरी मारून बघतो.

बरं, हिचं भांडण कुणाशी, तर नवऱ्याशी. त्यानंच तिला मारलेलं. पण पुढे त्या घरात पाऊल टाकणारा प्रत्येक जण जातो. चौकशीला आलेली बाई जाते, पोलीस जातात. आमच्याकडे असली हडळ नवऱ्याच्या मानगुटीवर बसली असती आणि गावानं निम्मं श्रेय तिला दिलं असतं.

'डार्क वॉटर'मध्ये मात्र माझी भीती भलतीकडे वळली. छतावर ओल धरते, ती पसरते, पाणी ठिबकायला लागतं. इमारतीच्या देखरेखीवरचा म्हातारा तक्रार ऐकून घेतो आणि ढिम्म हलत नाही. इथे लेक किंचाळली. मी मान डोलावली. पाण्याच्या टाकीतलं भूत नंतर आलं, पण तोवर माझं मन आमच्या बेडरूमच्या छताकडे गेलं होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'लीकेज वरच्यांचं की टेरेसचं' हा वाद गेल्या पावसाळ्यापासून चालू आहे.

परवा 2004 चा थाई 'शटर' पाहिला. (पाहायचा असेल त्यांनी इथेच थांबावं.) नायकाची मान सारखी दुखते. वजनकाट्यावर उभा राहतो तर भलतंच वजन भरतं. शेवटी कळतं, की भूत सिनेमाभर त्याच्या खांद्यांवर बसून आहे. माझी मान गेला महिनाभर आखडलेली. मी गुपचूप उठलो आणि बाथरूममधला काटा ओढून त्यावर उभा राहिलो. आकडा बघून घाम फुटला. मागून ही म्हणाली, "घाबरू नका. भूत बसलं असतं तर वजन एका रात्रीत वाढलं असतं. तुमचं दिवाळीपासून वाढतंय."