पट्टा बांधून पंगत

सुट्टीचं छोटं उड्डाण म्हणजे विमान वर चढतं, जरा दम खातं आणि उतरायला लागतं. त्या दम खाण्याच्या वेळात दीड-पावणेदोनशे माणसांची पंगत उठवायची, असं कुणीतरी ठरवलेलं आहे. ट्रॉली पुढून निघते आणि माझी सीट कायम मागे असते. पहिल्या रांगेतले लोक चहा संपवून पेंगायला लागले की आमच्याकडे नुसता वास पोचतो. ट्रॉली पोचते तेव्हा ‘चिकन की पास्ता?’ हा प्रश्नच मिटलेला असतो. पास्ता असतो.

मधल्या सीटवाल्याला कोपर बाळगायची परवानगी नसते, त्यामुळे जेवायचं ते मनगटावर. काट्या-चमच्याचं पाकीट फाडायला काटा लागतो आणि तो त्याच पाकिटात असतो. गरम झाकण काढावं तर ते ठेवायला मांडीशिवाय जागा नाही. तेवढ्यात पुढचा गृहस्थ सीट मागे सोडतो आणि पास्ता थेट माझ्या हनुवटीखाली येतो. तशी सोयच होते म्हणा.

दह्याची वाटी हा वेगळाच प्रकार. ती जमिनीवर सीलबंद केलेली असते. केबिनमधला हवेचा दाब मात्र सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढाच. आतली हवा फुगते, झाकण टम्म होतं आणि सोलताक्षणी दही पिचकारी मारतं. म्हणून मी ती नेहमी शेजाऱ्याच्या दिशेने उघडतो. या वेळचा शेजारी ‘विमानातलं मी खातच नाही’ असं सांगून ताठ बसला होता. चष्म्यावरचं दही त्याने निमूटपणे पुसलं.

चवीचं म्हणाल, तर स्वयंपाक्याला दोष देता येत नाही. केबिनमधली हवा इतकी कोरडी असते की नाक सुकतं आणि मीठ-साखर जिभेला फिकी लागते. त्यात इंजिनाची घरघर. टोमॅटो तेवढा तग धरतो, म्हणून पास्त्याची बाजू थोडी तरी सावरली. बाकी तो खाली शिजवून, थंड करून, वर पुन्हा तापवलेला. कडा करपलेल्या आणि पोटात हिवाळा. 1919 साली लंडन-पॅरिस विमानात पहिल्यांदा जेवण दिलं, ते डब्यातलं थंड सँडविच आणि फळं. गरम असल्याचा आव तरी नव्हता!

चहा मागू नये. त्या दाबाला पाणी शंभर अंशांच्या बरंच आधी उकळतं, त्यामुळे चहापत्ती नुसती ओली होते. मी मागितला. तो आला आणि त्याच्या मागोमाग घोषणा आली, आपण उतरतोय, ट्रे बंद करा.

मग जी धांदल उडते! माझ्या तोंडात पास्ता, एका हातात चहा, दुसऱ्या हातात दगडासारखं लोणी, आणि हवाईसुंदरी हसून विचारतेय, ‘झालं का सर?’ बोलायची सोय नव्हती, मान हलवली. तिने ट्रे उचलला, तेवढ्यात शेजारी पुढे झुकला आणि हळूच म्हणाला, “तो ब्रेड तुम्ही खाणार नसाल, तर राहू द्या इथेच.”