मामांबरोबर अर्धा तास

पुण्यात शरद ऋतू असतो, असं पंचांगात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात पाऊस संपतो आणि दुसऱ्याच दिवशी ऑक्टोबर हीट येऊन खुर्ची ओढून बसते. पानगळ वगैरे भानगड या दिवसांत इथे नसते. आपल्याकडची बरीचशी झाडं ते काम माघ-फाल्गुनात उरकतात. आत्ता वाळतं ते गवत. टेकड्या पिवळ्या-तांबूस होतात, लोक फोटो काढतात, आणि नेमके याच सुमारास डॉक्टर रिपोर्टवरून नजर न हलवता सांगतात, ‘‘रोज अर्धा तास चाला. पण मध्ये थांबायचं नाही.’’

यातल्या ‘थांबायचं नाही’ला माझ्या मामेसासऱ्यांचा तत्त्वतः विरोध आहे.

मामांचा फोन रविवारी उजाडायच्या आत येतो. ‘‘जावईबापू, उठलात ना? पर्वती चढायची, मागच्या अंगाने तळजाईच्या जंगलात उतरायचं, नाश्त्याला घरी. छोटीशी चक्कर!’’ दिवाळी तोंडावर असताना मामेसासऱ्यांना नाही म्हणायचं धाडस आमच्या घराण्यात कुणी दाखवलेलं नाही. शिवाय फोन स्पीकरवर असतो आणि बायको शेजारी जागी असते.

पर्वतीला 103 पायऱ्या आहेत. चढताना प्रत्येक पुणेकर त्या मोजतो आणि प्रत्येकाचा आकडा निराळा येतो, कारण खालची पायरी धरायची की नाही यावर एकमत नाही. मामा पहिल्याच पायरीवर थांबतात. (धरायची, असं त्यांचं मत आहे.) ‘‘या एवढ्या रुंद आणि बुटक्या का, सांगा बरं?’’ मला माहीत असतं, मागच्या रविवारी सांगितलेलं असतं, पण जावयाने माहीत नसल्यासारखं तोंड करायचं असतं. ‘‘हत्ती चढायचे म्हणतात!’’ एवढं सांगून मामा एक पायरी चढतात आणि पुन्हा थांबतात. या गतीने हत्ती आमच्या पुढे निघून गेला असता.

वर पोचल्यावर काशीबाईंचा पाय येतो. नानासाहेब पेशव्यांच्या मातोश्री काशीबाई यांच्या पायाला दुखणं होतं, इथल्या देवीला नवस बोलला, गुण आला, म्हणून नानासाहेबांनी 1749 मध्ये देवदेवेश्वराचं मंदिर बांधलं, अशी कथा आहे. काशीबाईंच्या पायाला इथे आराम पडला असेल, माझ्या गुडघ्याला मात्र इथूनच सुरुवात होते. पुढे पानिपत. 14 जानेवारी 1761. तिथून मामा गहिवरतात, कारण त्या धक्क्यातून नानासाहेब सावरले नाहीत आणि त्याच वर्षी 23 जूनला याच टेकडीवर गेले. आता एखाद्याचा आवाज भरून आलेला असताना ‘चला, हार्ट रेट पडतोय’ असं कसं म्हणणार?

मग खडकी. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खाली बापू गोखले इंग्रजांशी लढत होते आणि दुसरे बाजीराव पर्वतीवरून ती लढाई बघत होते. ‘‘कडेला या, कडेला या,’’ म्हणत मामा माझा दंड धरून मला त्या दिशेला वळवतात. समोर धुरकट हवा, पाण्याच्या टाक्या आणि कुणाच्या तरी गच्चीत वाळत घातलेल्या चादरी दिसतात. मामांना त्यातून घोडदळ दिसतं. बाजीराव कुठे चुकले, कुणी केव्हा कुठून निघायला हवं होतं, हे हातवारे करून सांगताना ते इतके रंगतात की माझ्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं आणि विचारतं, व्यायाम संपला का? घड्याळाला काय सांगणार? त्याला वाटतं मी घरी पोचलो. अजून पेशवाई बुडायची होती.

जंगलात शिरलं की मला जरा बरं वाटतं, कारण झाडांना सनावळी नसते, असा माझा समज. मामा लगेच एका खोडावर थाप मारतात. ‘‘हे ग्लिरिसिडिया. उंदीरमारी. मूळचं मध्य अमेरिकेतलं! टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून लावलं आणि आता बघा, जिकडे तिकडे हेच.’’ मामांना ते इंग्रजांइतकंच खटकतं. मला त्याची सावली चालते.

सावली संपते तिथे कुसळं सुरू होतात. हा या ऋतूचा खरा प्रसाद. एक कुसळ मी नीट निरखून पाहिलंय, वेळ भरपूर होता, मामा तेव्हा नाना फडणवीसांवर होते. पुढे सुईसारखं टोक, त्याच्यामागे बारीक तपकिरी केस, असे उलटे बसवलेले की आत जाताना वाट देतात आणि मागे ओढलं की अडतात. त्यामागे दोरीसारखी पिळलेली लांब शेपटी. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटायला लागतो आणि बी गरगर फिरत जमिनीत घुसतं. पेरणीची सोय म्हणून ही रचना अप्रतिमच. फक्त माझा घामाने भिजलेला मोजा म्हणजे जमीन नव्हे, हे त्या गवताला कुणी सांगितलेलं नाही. घोट्यापाशी एकाच वेळी दहा-बारा बिया रुजायला लागल्या की माणूस जो चालतो, ती चाल डॉक्टरांच्या तक्त्यात कुठेच बसत नाही. मामा चपलेत असतात. त्यांना काहीही होत नाही.

मी एका दगडावर बसून मोजा सोलत होतो आणि मामा मला परत 1817 मध्ये नेत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, ‘‘आणि 1929 सांगितलंत का यांना?’’

कानटोपी, हातात काठी, मामांच्याच वयाचे एक गृहस्थ. पुण्यात अनोळखी माणसाचं बोलणं तोडून त्यात दुरुस्ती करायला ओळख लागत नाही. ‘‘13 ऑक्टोबर 1929,’’ ते म्हणाले, ‘‘पर्वतीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं करा म्हणून सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे होते, पां. ना. राजभोज होते. दगड पडले त्यांच्यावर. याच पर्वतीवर.’’

मामा घसा खाकरले. ‘‘हो, तेही आहेच.’’

‘‘आहेच काय? पहिल्या पायरीवर तेच सांगायचं. हत्ती चढले, ठीक आहे. माणसं कधी चढली?’’

मामांना अशा वेळी गप्प बसलेलं मी प्रथमच पाहिलं. वाटलं, चला, आता उतरतो. पण ते गप्प बसणं म्हणजे हार नव्हती, तयारी होती. ‘‘बसा,’’ मामा त्या गृहस्थांना म्हणाले आणि माझ्या दगडाकडे बोट दाखवलं. मी उठलो, एका पायात मोजा, एका हातात मोजा. दगडफेकीवरून गाडी मंदिरप्रवेशावर, तिथून टिळकांवर, तिथून मधल्या स्टेशनांवर न थांबता पानशेतवर गेली. 12 जुलै 1961. दोघांनीही तो पूर लहानपणी पाहिलेला, त्यामुळे पाणी कुठल्या खांबापर्यंत आलं होतं यावर तर तंटाच झाला. ऊन चढलं. आपण नाश्त्याला निघालो होतो, हे मी दोनदा सुचवलं. दोघांनी एकाच आवाजात ‘‘थांबा हो!’’ म्हणून मला गप्प केलं.

निघताना त्यांनी एकमेकांचे नंबर घेतले. त्यामुळे आता रविवारी उजाडायच्या आत दोन फोन येतात. पहिला मामांचा, आज काय सांगणार ते सांगायला. दुसरा त्या गृहस्थांचा, त्यातलं काय चुकीचं आहे ते आधीच कळवायला.