पर्याय शोधताना आधी गरज तपासा

अग्निरोधकांवरच्या, म्हणजे वस्तू लवकर पेटू नयेत म्हणून त्यांत घालतात त्या रसायनांवरच्या लेखात सगळा भर ‘बंदी आलेल्या अग्निरोधकाच्या जागी दुसरं कोणतं वापरायचं’ यावर आहे. मला हा प्रश्नच अर्धवट वाटतो. अमेरिकेत १९७७ मध्ये लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांतून ब्रोमिनयुक्त ट्रिस हे अग्निरोधक हद्दपार झालं आणि त्याच्या जागी क्लोरिनयुक्त ट्रिस आलं. तेही डीएनएला घातक निघालं, म्हणून कपड्यांतून गेलं. पुढे पेंटा-बीडीई हे फोममधलं अग्निरोधक बंद झाल्यावर तेच क्लोरिनयुक्त ट्रिस सोफ्याच्या फोममध्ये शिरलं! मुलं त्याच सोफ्यावर लोळतात, घरातली धूळ हाताला लागते, तेच हात तोंडात जातात.

खरा बदल कॅलिफोर्नियाने सोफ्यांची आगीची चाचणीच बदलली तेव्हा झाला. आधी उघड्या फोमला ज्योत लावून बघत. पण आग धरतं ते वरचं कापड, तेही बहुधा धुमसत्या सिगारेटने. २०१५ पासून सक्तीच्या झालेल्या नव्या चाचणीत तेच तपासतात. योग्य कापड किंवा मधला अस्तराचा थर असला की फोममध्ये रसायन घालावंच लागत नाही.

इमारतींत उष्णता अडवायला लावतात त्या थर्माकोलमध्ये एचबीसीडी या अग्निरोधकाऐवजी मोठ्या रेणूचं ब्रोमिनयुक्त पॉलिमर आलं, ते शरीरात सहज शिरत नाही. ही सुधारणा मला मान्य आहे. पण ते थर्माकोल उद्या भंगारात जाऊन जळेल तेव्हा काय, हे लेखात यायला हवं होतं.